दूध उतू गेलेल्या कादंबऱ्या

माझ्या नोंदींत कुठल्याच कादंबरीला तारे दिलेले नाहीत. 'भाषा ओघवती', 'व्यक्तिचित्रण प्रभावी' असले शब्दही तिथं सापडायचे नाहीत. ते उत्तरपत्रिकेत शोभतात. मी वाचते गॅससमोर उभी राहून, म्हणून माझ्या नोंदी अशा असतात : 'भात लागला.' 'कुकर कोरडा पडला, वास आला म्हणून शेजारीण धावत आली.' 'दूध तापलं, साय धरली, काही झालं नाही.' ही शेवटची नोंद ज्या कादंबरीच्या वाट्याला आली, तिच्या लेखकानं समजून घ्यावं. आणि अगदी मोजक्या कादंबऱ्यांपुढे एकच वाक्य आहे : 'दूध उतू गेलं.' यापेक्षा मोठा मान माझ्याकडे नाही.

मी शाळेत गणित शिकवते. 'गणिताच्या बाई आणि कादंबऱ्या?' असं विचारणाऱ्यांना मी पूर्वी उत्तरं द्यायचे. आता मधल्या सुट्टीत पर्समधून पुस्तक काढते आणि त्यांच्यासमोर उघडून बसते. मी ज्ञान मिळवायला वाचत नाही, कुणाला सुधारायलाही वाचत नाही. मजा येते म्हणून वाचते. आलेली मजा कुठंतरी लिहून ठेवावी, नाहीतर ती भाजीबरोबर शिजून जाते, म्हणून ह्या नोंदी.

त्या मी डायऱ्यांत करते. वैजापूरला आमचा कांदा ज्या आडत्याकडे जातो, तो दर वर्षी एक डायरी भेट देतो. वर लक्ष्मी, आत पहिल्या पानावर मार्केट यार्डाच्या सुट्ट्या. वडिलांना त्यात लिहिण्यासारखं काही नसायचं, म्हणून ती माझ्याकडे यायची. ते गेल्यावर आता भाऊ न विसरता आणून देतो. कांद्याच्या भावासाठी छापलेल्या रकान्यांत मी राजकन्या, खुनी, दारुडे, वकील आणि पळून गेलेल्या प्रेमिका भरून ठेवल्या आहेत.

नियम एकच. कादंबरी शेवटापर्यंत वाचली तरच तिला क्रमांक मिळतो आणि नोंद पेनानं होते. तोवर पेन्सिल. कंटाळून सोडलेल्या कादंबऱ्या पेन्सिलीतच राहतात आणि मला त्यांचं सुतक नाही. फक्त एक पेन्सिलीची नोंद अशी होती, की ती दिसली की मी पटकन पान उलटायचे. त्या नोंदीत माझी चूक नव्हती, कादंबरीचीही नव्हती. चूक आंब्याच्या लोणच्याची होती.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. सुट्टीत वैजापूरला घरी आले, की दुपारी मी आईला कादंबरी वाचून दाखवायची, हा आमचा रिवाज. आई चौथी शिकलेली. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण हात कधी मोकळे नसायचे. कधी गहू निवडणं, कधी लसूण सोलणं, कधी गोधडीचे टाके. "तू वाच," म्हणायची, "हात गुतलेत माझे, कान मोकळे हायेत."

त्या उन्हाळ्यात वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली होती. मुखपृष्ठावर हिरव्या लुगड्यातली पाठमोरी बाई. गोष्ट तालुक्याच्या गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची. तिला परगावच्या शिवणशाळेत शिकवायला बोलावणं येतं. नवरा म्हणतो, गेलीस तर परत यायचं नाही. झालं, एवढ्यावर लेखकानं आम्हा दोघींना असं धरून ठेवलं, की आईचे निवडलेले गहू पुन्हा खड्यांत मिसळले आणि तिला पत्ता नाही.

पुस्तकाची शिवण उसवलेली होती. शेवटची पानं सुटी झाली होती आणि मी ती बाजेवर, रद्दीच्या वर्तमानपत्रांशेजारी ठेवली होती. लोणचं घालायचे दिवस होते. नवी बरणी भरली, तिच्याखाली घालायला आईनं बाजेवरचे हाताला आले ते कागद उचलले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं, तर शेवटच नाही. आम्ही गादी झटकली, बाज हलवली, रद्दी उपसली. मग आईचा हात एकदम कपाळावर गेला. "अगं बाई, बरणी!"

बरणी उचलली. तेल झिरपून कागद आरपार दिसत होता. पुढच्या पानाच्या ओळी मागच्या पानाच्या ओळींत घुसल्या होत्या आणि निम्मा भाग फडताळाच्या फरशीलाच चिकटून राहिला. खूप डोळे फोडल्यावर एकच ओळ लागली : 'ती उंबऱ्याशी थांबली.' पुढं मोहरीचा डाग.

थांबली, आणि मग? आत गेली की बाहेर?

ह्या प्रश्नावर माझं आणि आईचं जे भांडण सुरू झालं, ते माझं लग्न, माझी नोकरी, शहरात छावणी भागातलं माझं बिऱ्हाड, सगळ्याला पुरून उरलं. मी म्हणायचे, ती आत गेली. थांबली म्हणजे मन पालटलं. लेखकानं नवऱ्याचं आजारपण उगाच नाही आणलं, मागं वळायला कारण पाहिजे म्हणून आणलं. माझं तर्काचं गणित चोख होतं. आई ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "आत जायचं असलेली बाई उंबऱ्याशी थांबत नाय गं. तिच्या डोक्यावर हंडा असतो, काखेत लेकरू असतं, ती सरळ आत जाती. थांबती ती जानारी."

फोनवर बाकीचं बोलून झालं, की शेवटी तिचा प्रश्न ठरलेला. "घावलं का गं आपलं पुस्तक?"

नव्हतं घावलं. वाचनालयाची जागा बदलली तेव्हा फाटकी पुस्तकं रद्दीत गेली. प्रकाशन बंद पडलं होतं. इंटरनेटवर शोधलं तर त्याच नावाची साबणाची जाहिरात यायची. इथं शहरात शहागंजात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे, त्या दुकानदाराकडे मी इतक्या वेळा विचारलं, की मी पायरी चढायच्या आधीच तो आतून हात हलवून नाही म्हणायचा.

मग आईचा प्रश्नच बंद झाला. तिला फोनवर माझं ऐकू येईना. आधी मी मोठ्यानं बोलायचे, मग ओरडायचे, मग फोन वहिनीच्या हातात जायला लागला. डॉक्टरांनी तपासून कानाचं यंत्र दिलं. आईनं ते एक दिवस लावलं. "कानात भांडीच पडत्यात नुसती," म्हणाली, आणि रुमालात गुंडाळून कपाटात ठेवून दिलं. भावानं समजावलं, वहिनीनं विनवण्या केल्या, मी चिडून बोलले. आई एकदा नाही म्हणाली, की नाहीच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यंत्र वापरलं नाही तर राहिलेल्या ऐकण्याचीही सवय सुटेल, आणि मग यंत्राचाही उपयोग होणार नाही. घरात माणसं असून आई एकटी बसायला लागली. बायका बोलत बसल्या की उठून आत जायची. "त्यांना टीव्हीबी नको वाटतो, ताई," वहिनी फोनवर म्हणाली, "नुसत्या भिंतीकडं बघत बसत्यात." त्या रात्री मी डायरी उघडून ती पेन्सिलीची नोंद पाहिली आणि रडले. कादंबरी शोधायची घाई आता माझ्यासाठी नव्हती, आईसाठी होती. सापडली आणि आईला ऐकूच आली नाही, तर ती कुणासाठी सापडायची?

गेल्या हिवाळ्यात शहागंजातून चालले होते, तर दुकानदारानं हात हलवला. पण नाही म्हणायला नव्हे, बोलवायला. "मॅडम, इधर आओ! एक घर खाली हुआ, मराठी की पूरी पेटी आई है. तुमारी हरी साडीवाली देखो, येइच है क्या?"

तीच होती. तोच हिरवा रंग, तीच पाठ. मी आधी शेवटची पानं चाचपली. होती! सगळी होती, शिवणीत घट्ट. मी दुकानात उभ्या उभ्या अशी ओरडले, की समोरचा अत्तरवाला बाहेर आला. दुकानदार एवढा खूश झाला, जणू ती कादंबरी त्यानंच लिहिली होती. "मैं बोला था ना, मिलती बोल के," तो म्हणाला. तो असं कधीच म्हणाला नव्हता, पण त्या क्षणी मी त्याला काहीही माफ केलं असतं.

शेवट मी वाचला नाही. केसांचा मोठा चिमटा काढला आणि शेवटची पानं त्यात बंद करून टाकली. रविवारी वैजापूरच्या एसटीत बसले, पुस्तक मांडीवर, वाटेत हात शंभरदा चिमट्याकडे गेला. गणिताचं पुस्तक मागून उत्तर बघत सोडवणाऱ्या पोरांवर मी एवढी खेकसते. त्या दिवशी त्यांची मला पहिल्यांदा दया आली.

आई ओट्यावर बसली होती. मी समोर जाऊन पुस्तक वर धरलं. तिनं पाहिलं. हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं, हिरव्या बाईच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग मागची पानं चाचपली, अगदी मी चाचपली होती तशीच. आणि वहिनीकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "ते कानाचं मशीन आन गं."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिली. मग धावत आत गेली. रुमाल सोडला, नवा सेल घातला. लावताना आईनं तोंड वाकडं केलं, यंत्र शिटी मारायला लागलं, वहिनीनं ते नीट बसवलं. "बोल," आई म्हणाली. मी म्हणाले, "आई, ऐकू येतंय का?" "वरडू नको," ती म्हणाली. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

स्वयंपाकघरात बसलो. वहिनीनं दुधाचं मोठं पातेलं अगदी मंद गॅसवर ठेवलं, मला त्याच्याकडं लक्ष द्यायला सांगितलं आणि गोठ्याकडं गेली. आईनं सोलायच्या लसणाचं सूप पुढ्यात ओढलं. "मागची दोन प्रकरनं आधी वाच, मग शेवट," असा हुकूम झाला. मी वाचत गेले. शेजारी भांड्यांचा आवाज झाला की आई कपाळाला आठ्या घालायची, पण यंत्राला हात लावला नाही. नवरा आजारी पडला, बाईनं ट्रंक भरली, शिलाई मशीनला झाकण घातलं. मग मी चिमटा काढला.

'ती उंबऱ्याशी थांबली.' मोहरीचा डाग नव्हता. पुढं स्वच्छ छापलं होतं : तिला नवऱ्याचा खोकला ऐकू आला, ती मागं वळली, ट्रंक खाली ठेवली आणि चहाचं आधण ठेवलं. समाप्त.

म्हणजे मीच जिंकले होते. इतक्या वर्षांचं भांडण, आणि शेवटी छापील पुरावा माझ्या बाजूनं! मी आईकडं विजयानं बघायला मान वर केली, आणि माझ्या लक्षात आलं की शेवटची ओळ मी पडेल आवाजात वाचली होती. मला तो शेवट आवडलाच नव्हता. चारशे पानं ज्या बाईच्या मागं मी जीव टाकून धावले, तिला लेखकानं चहा टाकायला परत पाठवलं होतं.

"हे काय?" आई म्हणाली. "संपलं?"

"संपलं. मी म्हणाले होते ना, आत जाईल."

"त्यो खोकल्यावर?" आईनं लसणाची पाकळी सुपात आपटली. "नुसता खोकला? लई भित्रा निघाला गं हा लिवनारा. इतकी चांगली बाई रचली आन् दारात घाबरला." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "मी इतकी वर्सं तिला तिकडं शिवनशाळेत बघितलीय. पोरी शिकत्यात तिच्या हाताखाली. ती काय आता परत यायची नाय."

मीही तिला तिथंच पाहत आले होते, हे मला तेव्हा कळलं. भांडत होते ते फक्त आईशी भांडायला मिळतं म्हणून. पिशवीतून डायरी काढली, ती जुनी, लक्ष्मीचा रंग उडालेली. आई म्हणाली, "लिही. माझा शेवट पेनानं लिही. त्याचा पेन्सिलीनं."

माझा नियम होता, की छापील शेवट वाचल्याशिवाय पेन नाही. तो वाचून झाला होता, तेव्हा पेनानं काय लिहायचं ते माझ्या हातात होतं. मी क्रमांक घातला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'ती बाहेर पडली आणि शिवणशाळेत रुजू झाली.' खाली पेन्सिलीनं, बारीक : 'लेखकाच्या मते परत आत गेली.' आईनं वही ओढून घेतली आणि एकेक अक्षर जुळवत स्वतः वाचलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. आम्ही दोघी लेखकाला नावं ठेवत इतक्या हसत होतो, की मला जगाचं भान नव्हतं.

आईनं एकदम मान वर केली. "अगं, चर्र झालं," ती म्हणाली. "दूध! दूध गेलं बघ!"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी वळून बघेपर्यंत पातेल्यातून पांढरा फेस शेगडीवर पसरला होता. मी गॅस बंद केला आणि डायरीत शेवटचं वाक्य लिहिलं : 'दूध उतू गेलं. आधी आईला ऐकू आलं.'