इन्क्युबेटरमधलं विरजण

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये सौमित्र देवस्थळी राहतो. स्वतःच्या शर्टाला इस्त्री करायचा याला कंटाळा, पण लेपर्ड गेकोंसाठी किडे मात्र रोज कॅल्शियमच्या पावडरीत निगुतीने घोळवणार. गेको म्हणजे ठिपक्याठिपक्यांची पिवळी पाल. पण असं म्हटलं की साहेब दुखावतात. "पाल काय म्हणतोस यार? यांना पापण्या असतात. भिंतीवर चढत नाहीत. स्वभावाने शांत." जणू स्थळच सुचवतोय!

यंदा तीन वर्षांच्या खटपटीनंतर त्याच्या मादीने पहिल्यांदाच फळलेली अंडी दिली. दोनच. ती त्याने डबीतल्या ओलसर मातीत अर्धी पुरून इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारली. ही अंडी जरा उलटली, तर आतला जीव गेलाच समजायचा.

त्याच सुमारास त्याची आई, शुभाकाकू, पुण्याहून आल्या. जानेवारीची थंडी, तीन दिवस दही लागेना. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना कपड्यांच्या क्लोजेटमध्ये काचेच्या दाराची एक उबदार पेटी सापडली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहा पीत होतो. सौमित्र ऑफिसातून आला, थेट क्लोजेटमध्ये गेला आणि ओरडला, "आई, पातेलं कसलं हे? माझी डबी कुठेय?"

"विरजण आहे. डबी हीटरच्या जाळीपाशी ठेवलीय. गावभर ओरडू नकोस."

"अंडी उलटवलीस?"

"मी? पालीच्या अंड्यांना हात लावीन मी? चिमट्याने डबी कागदी प्लेटवर सरकवली, श्वास रोखून एकेक पाऊल टाकत नेली. प्लेट फेकली आणि पुन्हा अंघोळ केली."

सौमित्रने धावत जाऊन डबीचं झाकण उघडलं. दोन्ही फुल्या वरच होत्या. फोनचा टॉर्च लावल्यावर दोन्ही अंड्यांत केसाएवढ्या लालसर शिरा दिसल्या. तो तिथेच जमिनीवर बसला.

"जिवंत आहेत गं."

काकू दोन पावलं लांबूनच वाकल्या. "एवढ्याशात पाल आहे?"

"गेको, आई."

"तेच ते. बाळ आहे ना आत? मग गारठ्यात काय धरून बसलायस? ऊठ!"

लागत आलेलं विरजण कोणी हलवलं तर काकू दिवसभर बोलत नाहीत. आज मात्र त्यांनी स्वतःच पातेलं झटक्यात बाहेर ओढलं. दही मोडलं. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही.

"ठेव आधी आत," त्या म्हणाल्या, "आणि दार नीट लाव."