ताईची लाल गिटार आणि पोपटरावांचा सा

आमची सत्यशीलाताई पोस्टातून निवृत्त झाली तेव्हा तिला निरोप समारंभात शाल मिळाली. शाल तिने मला दिली आणि दुसऱ्याच आठवड्यात कर्वेनगरला गिटारच्या क्लासला नाव घातलं. मी म्हटलं, "अगं, या वयात लोक गुडघ्यांचे व्यायाम करतात." तर म्हणाली, "गिटार बोटांनी वाजवतात, प्रेमला. गुडघे मोकळेच आहेत."

मी तिची धाकटी बहीण. बिबवेवाडीत आमची घरं समोरासमोर, त्यामुळे तिची बेसूर सुरुवात सगळ्या मजल्यात सर्वांत जास्त मी सोसली आहे. कौतुक करायचा पहिला हक्क माझाच.

क्लास वर्षभर झाल्यावर तिने परदेशी निघालेल्या एका आयटीवाल्या मुलाकडून लालभडक इलेक्ट्रिक गिटार आणली. तिला एक दांडा होता, स्कूटरच्या ब्रेकसारखा. तारा जिथे अडकवतात तो लोखंडी ब्रिज लाकडावर घट्ट बसवलेला नव्हता. दोन खिळ्यांना टेकून तरंगत होता. दांडा दाबला की सगळे सूर खाली घसरायचे, सोडला की परत वर यायचे. ताईने दांडा दाबून तार छेडली, मग दांडा हलकेच सोडला आणि सूर खालून वर चढला, अगदी गळ्यातून आल्यासारखा. "प्रेमला, ही गाते गं!" म्हणून ओरडलीच ती. मीसुद्धा हातातली कणीक तशीच धरून ऐकत राहिले.

ताई आमच्या विहाराच्या गायन पार्टीत वाजवायला लागली. पार्टीचे मुख्य गायक पोपटराव. आवाज पहाडी, अभिमान त्याहून मोठा. "आपला सा काळी चार," असं सांगायचे, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवरून गाणं सुरू. वर हेही ऐकवायचे की वाद्यांनी गळ्यामागे यायचं, गळ्याने वाद्यांमागे नाही. दुसरी गायिका ऋतुजा. गोड मुलगी, पण तिचा सा बराच खाली. आमच्याकडे गायक बदलला की तबलजी हातोडी घेऊन तबला ठोकून घेतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. ताईनेही तेच धरलं. गायक बदलला की ती सगळ्या तारा पिळून नव्या सा-ला लावायची. तालमीत वेळ असायचा, त्यामुळे कसंबसं भागायचं.

एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात त्याचीच माती झाली. ऋतुजाचं गाणं आलं, ताईने पहिली तार उतरवली, तर बाकीच्या चढल्या. त्या उतरवल्या तर पहिली पुन्हा पळाली. समोर सगळी वस्ती बसलेली आणि ही स्टेजवर खुंट्या पिळतेय! शेवटी तशीच वाजवायला गेली आणि असला भेसूर आवाज निघाला की पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून रडलं. ताई म्हणाली, "गिटारमध्ये काहीतरी बिघाड आहे." पोपटराव माईक न झाकताच म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

लोक हसले. माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! कार्यक्रमानंतर त्यांनी ताईला वर आणखी सुनावलं, "बुद्धपौर्णिमेला शेवटचं बघू. नाही जमलं तर कीबोर्डवाला बोलावतो. त्याच्या पेटीत गिटारचा आवाजपण असतो."

घरी आल्यावर ताईने चहालाही हात लावला नाही. एवढंच म्हणाली, "पौर्णिमेला ही नीट वाजली नाही, तर मी पुन्हा त्या स्टेजवर चढणार नाही." आणि ती बोलल्याप्रमाणे करते, हे मला लहानपणापासून माहीत. मला रात्रभर चुटपुट लागून राहिली.

दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "काकू, आत लाकडाचे ठोकळे मारतो आणि ब्रिज जाम करून टाकतो. दांडा काढून ठेवा, कटकट मिटली." ताई म्हणाली, "दांड्यासाठीच तर आणली आहे. गाणाऱ्याची जीभ कापून त्याला गप्प बसवायचं का?" दुकानदाराने गिटार परत पिशवीत भरून दिली.

मग तिनेच माझ्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, गिटार पालथी घातली आणि मागचं झाकण उघडलं. आत स्प्रिंगा होत्या. एका टोकाने ब्रिजला अडकवलेल्या, दुसऱ्या टोकाला दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेल्या. ती बराच वेळ बघत बसली. कधी तार सैल करायची, कधी घट्ट. एकदम म्हणाली, "अगं, हा तराजू आहे! एका पारड्यात तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा. एक तार उतरवली की तारांचं पारडं हलकं होतं, स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि बाकीच्या तारा ताणल्या जातात. बिघाड गिटारमध्ये नाहीच. मीच गाण्यागणिक वजनं बदलत होते."

"म्हणजे पोपटराव खरं बोलले?" मी म्हटलं.

"पोपटरावांना डोंबल कळलंय," ताई म्हणाली.

त्यानंतर आमच्या टेबलावर जेवण झालंच नाही. तिने नव्या तारा चढवल्या आणि हाताने ओढून ओढून मुरवल्या. ब्रिज पुढे झुकला की मागचे स्क्रू थोडे आवळायचे, मागे कलला की सैल करायचे, मग साऱ्या तारा पहिल्यापासून लावायच्या. पुन्हा तेच. पुन्हा तेच. माझा जीव मेटाकुटीला आला, पण ही शांत. ब्रिज जिथे टेकतो तिथे गंज धरला होता, म्हणून दांडा सोडल्यावर तो पुरता जागेवर येत नव्हता. तिथे तिने माझ्या शिवणयंत्राचं तेल थेंबभर सोडलं. एका दुपारी ब्रिज अगदी समपातळीत उभा राहिला. तिने दांडा दाबला, खेचला, गदगदा हलवला, सोडला. साऱ्या तारा जिथल्या तिथे! मग गिटारच्या मानेजवळ तारा दाबून धरणारे चाप असतात, त्यांचे स्क्रू आवळून तारा तिथेच पक्क्या केल्या आणि म्हणाली, "आता यांना हात लावायचा नाही. कुणी कुठूनही गाऊ दे, माझी बोटं सरकतील."

हे बोलायला सोपं. आजवर बोट न ठेवता छेडलेली मोकळी तार म्हणजे सा, अशी तिची सवय. आता एकच गाणं वेगवेगळ्या पडद्यांवरून वाजवायचं. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, तरी तिने सगळी गाणी नव्याने बसवली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. ऋतुजाच्या गाण्याला ताईने खुंटीकडे पाहिलंसुद्धा नाही. हात सरकवला आणि सुरेल साथ दिली. मग पोपटराव उठले. महिनाभर जयंतीचे कार्यक्रम करून त्यांचा घसा बसलेला. पहिल्याच आलापाला खरखर आली. त्यांनी पेटीवाल्याला खूण केली, काळी तीन. पेटीवाला सरकला. तबलजी हातोडी शोधू लागला. ताईने दोन पडदे मागून गाणं उचललं, एक ठोकाही चुकला नाही. मी जागची उठून उभी राहिले होते आणि ती बया हसत होती!

शेवटच्या कडव्यात वरची ओळ आली, जिच्यावर पोपटराव दरवर्षी टाळ्या घेतात. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. ताईने दांडा दाबला, तार छेडली आणि सूर हळूहळू सोडत वर नेला. ती ओळ गिटारने म्हटली. अख्खी ओळ, शब्दांशिवाय. आणि लगेच "वन्स मोअर!" असा गलका झाला. ताईने पुन्हा वाजवली. या वेळी सगळी वस्ती तिच्या सुरात गायली आणि पोपटरावही खाली मान घालून कोरसमध्ये गुणगुणत राहिले. मी भर गर्दीत रडले. लाज कसली? माझी बहीण आहे ती.

कार्यक्रम संपला. माणसं ताईभोवती जमली. पोपटराव गर्दीतून वाट काढत आले. मी पदर खोचून तयारच होते. त्यांनी बसक्या आवाजात विचारलं, "सत्यशीलाताई, पुढचा कार्यक्रम हडपसरला आहे. सा कुठला धरू?"

ताई गिटार पुसत होती. वर बघून म्हणाली, "तुमच्या गळ्याला झेपेल तो धरा, पोपटराव. मी आहे."