सुरेखा चौगुले पटकथा शिकली, त्याची गोष्ट

सुरेखा चौगुलेनं सिनेमात पहिल्यांदा हात घातला तो एका मात्रेपुरता.

पंचाहत्तर साल असेल. कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती. मी बावड्याच्याच शाळेत मराठी शिकवायची. आमचे परीक्षेचे पेपर स्टेन्सिलवर तीच टाइप करून द्यायची, त्यातून आमची ओळख झाली आणि ओळखीची मैत्री झाली. कारखाना सुटला की ती सायकल मारत लक्ष्मीपुरीत यायची आणि एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तासदोन तास जादा काम करायची. शूटिंगसाठी कोल्हापुरात येणारी मंडळी आपली पटकथा प्रतींसाठी तिथं टाकायची. सुरेखाला त्याच कामात रस. हिशेबाचे तक्ते दुसऱ्या मुलींकडं सरकवून ती पटकथा ओढून घ्यायची.

अशाच एका पटकथेत कोल्हापूरकडची एक शेतकरीण होती आणि ती पानोपानी 'मी जाते', 'मी करते' म्हणत होती. आमच्या भागात बाई तसं बोलत नाही. ती 'मी जातो', 'मी करतो'च म्हणते. बाहेरच्यांना ते पुरुषी वाटतं, आम्हाला त्यात काही वाटत नाही. मी इथं 'हसले', 'निघाले' लिहिते ती मराठीच्या बाईची सवय. सुरेखाला ते सहन होईना. तिनं टाइप करता करता सगळ्या 'जाते'चं 'जातो' करून टाकलं.

चार दिवसांनी दिग्दर्शक स्वतः आले. सासने नावाचे, उंच, शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, "हे कुणी बदललं?" इन्स्टिट्यूटचे मालक घाबरून मशिनींकडं बघायला लागले.

"मी बदललं," सुरेखा म्हणाली. "ती बावड्याची बाई असंल तर तसंच बोलणार की."

सासने चिडले नाहीत. ते हसले आणि म्हणाले, "बोलणं तुमचं बरोबर आहे. तसंच ठेवतो. आता मला एक सांगा, पाचव्या प्रसंगात ही बाई विहिरीवर का जाते?"

"पाणी आणायला."

"पाणी तिच्या घरात भरलेलं आहे, आधीच्याच प्रसंगात. तिथं तिला एक माणूस भेटायला हवा म्हणून मी तिला पाठवलंय. बोलायचं कसं ते तुम्हाला येतं. माणसाला कुठं पाठवायचं आणि का, ते शिकावं लागतं. शिका कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत हजर. "बाई, हे शिकवत्यात कुठं?"

त्याच वेळी तिनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. दोन जावा, एक घर, त्यांचं भांडण. गुपचूप लिहून ठेवलेली तिची स्वतःची पटकथा. मी एका बैठकीत वाचली आणि पोट धरून हसले. "छान आहे गं," म्हटलं.

"तू छानच म्हणणार. मैत्रीण हाईस," ती म्हणाली. "ह्यात काय चुकलंय ते सांगणारं माणूस पायजे मला."

तेव्हा मला ते नीट कळलं नाही. पुढं कळलं की कुठं शिकायचं याची सगळी निवड तिनं या एका वाक्यावर केली.

मी वर्तमानपत्रं चाळायला लागले. पहिली जाहिरात सापडली ती मुंबईच्या एका पोस्टल कोर्सची. घरबसल्या पटकथालेखक व्हा! आम्ही माहितीपत्रक मागवलं. गुळगुळीत कागद, तीन रंगांत छपाई, शेवटच्या पानावर सोनेरी कडेच्या प्रमाणपत्राचा फोटो. फी तिच्या दोन पगारांएवढी. सुरेखानं त्यांना लिहिलं, 'मी लिहिलेलं कोण वाचणार? त्यांचं नाव कळवावं.' पंधरवड्यानं उत्तर म्हणून तेच माहितीपत्रक पुन्हा आलं. फक्त या वेळी त्यावर 'खास सवलत' असा शिक्का होता.

"ह्यांनी माझं पत्रच वाचलं न्हाय," सुरेखा म्हणाली, "पटकथा काय वाचत्यात?"

दुसरं होतं पुण्यातलं मे महिन्याचं शिबिर. दहा दिवस, रोज एक नामवंत पाहुणा. नावं वाचूनच माझे डोळे दिपले. मी म्हटलं, जा डोळे मिटून. पण डोळे मिटणं तिच्या स्वभावात नव्हतं. माझ्या मामांकडं मुक्काम ठरवून आम्ही एसटीनं पुण्याला गेलो आणि आदल्या वर्षी शिबिराला बसलेले एक बँकेतले गृहस्थ शोधून काढले. त्यांनी कौतुकानं सगळं सांगितलं. भाषणं काय रंगली, जेवण किती छान, समारोपाला फोटो कुणाबरोबर निघाला.

"आणि तुम्ही लिवलं काय?" सुरेखानं विचारलं.

"लिहायला वेळ कुठला मिळतोय? ऐकण्यातच दिवस जायचा."

"नंतर लिवलं असंल की."

"नंतर मग राहूनच गेलं," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत कराड गेल्यावर सुरेखा म्हणाली, "शिबिर वाईट न्हाय. ज्याला ऐकायचं हाय त्याला झकास हाय. मला ऐकायचं न्हाय, मला लिवायचं हाय."

तिसरा वर्ग आमच्या नाकासमोर होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर यज्ञेश्वर पंडित नावाचे गृहस्थ रविवारी सकाळी पटकथा शिकवायचे. स्टुडिओत आधी संकलन आणि मग सहायक दिग्दर्शन केलेला माणूस. पाटी नाही, माहितीपत्रक नाही. खाली गिरणी सुरू झाली की वरची फळी थरथरायची. फी पोस्टल कोर्सच्या पाव हिश्शाएवढी, तीही महिन्याच्या महिन्याला.

सुरेखानं त्यांना तोंडावर विचारलं, "सर, पैसे भरायच्या आधी एक रविवार नुसता बसू काय?"

"बस की. तुझ्या मैत्रिणीलाही बसव."

"आणि तुमच्या जुन्या मुलांनी लिवलेलं बघायला मिळंल? पयल्या महिन्यातलं आणि शेवटच्या महिन्यातलं, दोन्ही?"

पंडित सरांनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं, असं ते मला पुढं म्हणाले. त्यांनी फळीवरनं दोन पुडकी काढून दिली. आम्ही तिथंच सतरंजीवर बसून वाचली. एकाच माणसाचं लिखाण, पण पहिलं पान आणि शेवटचं पान दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं. समासात लाल शाईनं सरांचं बारीक अक्षर: 'हा इथे का आला?' 'हे बोलू नको, दाखव.' एकही पान त्या शाईतून सुटलेलं नव्हतं.

"हेच," सुरेखा मला हळू आवाजात म्हणाली.

घरी मात्र तात्यासो, तिचे वडील, अडून बसले. चौगुले जैन शेतकरी घर. ऊस, दोन म्हशी, आणि धाकटी पोरगी नोकरी करते याचा अभिमान. पण हे नवीन खूळ त्यांना कळेना.

"पैकं घालायचं आणि शेवटी हातात सर्टिफिकिट न्हाय? मग तू शिकलीस हे लोकांनी वळकायचं कशावरनं?"

"लिवंल त्यावरनं, तात्या."

"आणि न्हाय जमलं तर?"

"तर न्हाय जमत एवढं तरी कळंल. आज तेबी कळंना झालंय."

तात्यासो माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा." मी म्हटलं, तात्या, मी तिला पुण्याला पाठवायला निघाले होते. माझं ऐकलं असतं तर ती नुसती फोटो काढून आली असती. तात्यासो हसले. तेवढ्यावर परवानगी मिळाली.

पहिल्याच रविवारी पंडित सरांनी तिच्या दोन जावांची पटकथा वाचली. मी म्हटलं, आता हसतील. ते कुठंच हसले नाहीत. शेवटी म्हणाले, "तुझे कान उत्तम आहेत. डोळे अजून उघडलेले नाहीत. सगळं बोलण्यातनं चाललंय. हे रेडिओवर लाव, काही बिघडणार नाही. पुढच्या रविवारी एक पान आण. याच दोन जावा, हेच भांडण. पण दोघींचा अबोला आहे. एक शब्द बोलायचा नाही."

सुरेखासारख्या बोलघेवडीला ही शिक्षाच होती. तिचे तीन रविवार वाया गेले. एकदा तिनं दोघींना नुसतं रडवलं, एकदा भांडी आपटवली. सर प्रत्येक वेळी 'ही सिनेमातली बाई आहे, तुझ्या गल्लीतली नाही' असं लिहून परत द्यायचे. चौथ्या आठवड्यात ती मला म्हणाली, "सोडून द्यावं काय गं?" मी काही बोलायच्या आत तिनंच उत्तर दिलं, "न्हाय. हा माणूस चुकतंय कुठं ते सांगतोय. एवढंच तर मागत हुतो मी."

मग तिनं लिहिलं ते पान मला आजही पाठ आहे. थोरली जाऊ आमटी करतेय. मिठाची बरणी धाकटीच्या हाताशी आहे. मागायची म्हणजे बोलावं लागणार. थोरली बरणीकडं बघते, पातेल्याकडं बघते आणि बिनमिठाची आमटी तशीच उतरवते. पंगत बसते. सासरा पहिला घास घेतो आणि थांबतो. दीर थांबतो. नवरा पाण्याचा तांब्या उचलतो. कुणी काही बोलत नाही, सगळे खाली मान घालून जेवतायत. धाकटी एक घास खाते, उठते, बरणी आणते आणि पंगतीच्या मधोमध ठेवते. ठक्क. पान संपलं.

पंडित सर वाचता वाचता असे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. लाल पेन हातात होतं, ते त्यांनी टोपण लावून खिशात ठेवलं. "आता या दोघींना घेऊन पूर्ण सिनेमा लिही," ते म्हणाले.

तिनं तो वर्षभर लिहिला. ऑफिस, इन्स्टिट्यूट आणि रविवार सांभाळून. अबोला उसाच्या एका हंगामाएवढा लांबला, घर दोन तुकड्यांत फुटायच्या बेतात आलं, आणि शेवटी सासऱ्याच्या आजारपणात एकमेकींशिवाय निभत नाही हे दोघींना कळलं. चार वेळा तिनं तो पहिल्यापासून पुन्हा लिहिला.

वर्गाच्या शेवटी सर नाटकातल्या नटांना बोलावून विद्यार्थ्यांची पटकथा लोकांसमोर वाचून घ्यायचे. माडीवर चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. दारात उशिरा येऊन उभे राहिले ते सासने. सरांची त्यांची जुनी ओळख होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. वाचन सुरू झालं. सुरेखा कोपऱ्यात माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बांगडी रुतली. आमटीचा प्रसंग आला, नटानं नुसतं वर्णन वाचलं, आणि माडी हसण्यानं हलली. शेवटी कुणी हसत नव्हतं. समोरच्या ओळीतल्या एक बाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

गर्दी पांगल्यावर सासने पुढं आले. "हे मला करायचंय," ते म्हणाले. "आणि या पटकथेत कुणी कुठं का गेलंय, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही."

मला वाटलं ही आता रडणार. तिनं सरळ सांगितलं, "करा की. पण काय बदलायचं असलं तर मला इचारून. आणि पडद्यावर माझं पूर्ण नाव."

सासने पंडित सरांकडं बघून म्हणाले, "हे पण तुम्हीच शिकवलं?"

"नाही बुवा," सर म्हणाले, "हे ती घरनं घेऊन आलेली."

सिनेमा लगेच झाला नाही. निर्माता मिळायला, पैसा उभा राहायला वेळ गेला. पण ऐंशी साली बावड्यातच शूटिंग झालं, चौगुल्यांच्या घरामागच्या परड्यात. लाइटमननी म्हशींना बुजवू नये म्हणून तात्यासो दिवसभर खुर्ची टाकून राखणीला बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माझ्या पोरीनं लिवलंय. ती सांगंल तसं चाललंय सगळं."

सिनेमा लागला तेव्हा पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला लक्ष्मीपुरीतलं थिएटर भरलं होतं. अर्धा बावडा ट्रॉलीत बसून आला होता. कारखान्याच्या ऑफिसला त्या दिवशी कुणी होतं की नाही कोण जाणे. नावं सुरू झाली. 'कथा, पटकथा, संवाद : सुरेखा तात्यासो चौगुले' हे पडद्यावर आलं आणि जी शिट्टी उठली ती पुढची दोन नावं जाईपर्यंत थांबली नाही. तात्यासो खुर्चीतनं उठून उभे राहिले. मागचे ओरडले, "बसा की हो, पावणं!" तर हे वळून म्हणाले, "माझंबी नाव हाय त्यात!" आणखी एक शिट्टी पडली.

आमटीचा प्रसंग आला तेव्हा मी पडदा सोडून माणसांकडं बघत होते. थिएटर गप्प. कुणी खोकलं नाही. पडद्यावरच्या पंगतीबरोबर ही आठशे माणसं बिनमिठाचं जेवत होती. आणि मग खालच्या वर्गातनं एक गडी न राहवून ओरडला, "आगं, मीठ दे की तिला!" बरणी ठक्क करून टेकली आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुढचे दोन संवाद कुणाला ऐकू आले नाहीत.

सुरेखा रडत होती आणि हसत होती. "बघितलंस?" ती माझ्या कानात ओरडली. "एक शब्द बोलल्या न्हाईत त्या!"

खेळ सुटल्यावर दारात तिच्याभोवती गराडा पडला. त्या गर्दीतून एक धिप्पाड बाई वाट काढत आली. मुरगूडहून आलेली, कडेवर नातू. तिनं सुरेखाचं मनगट धरलं.

"तूच लिवलीस न्हवं? मग मला खरं सांग. ती थोरली जाऊ कुठल्या गावची?"

"कुठल्याच न्हाय, मावशी. माझ्या मनातली हाय."

"खोटं बोलू नगंस. मी तिला वळखतो. आमच्या मागच्या आळीला ऱ्हाती ती."

"न्हाय हो, खरंच मी..."

"आता घरी गेलो की तिच्याकडं जातो," बाई म्हणाली, नातवाला दुसऱ्या कडेवर घेत, "आणि सांगतो तिला, तुझा सिनेमा निघालाय म्हणून." आणि ती स्टँडच्या दिशेनं चालायला लागलीसुद्धा.