ड्रिलचा आवाज बदलला तेव्हा

हे मी आजवर कुणाकडे बोलले नाही — आईकडेही नाही. माझी पत्रकं तुम्ही वाचली असतील: ‘लायसन्स देताना ड्रायव्हरचे डोळे तपासता, मग हाडात ड्रिल घालणाऱ्याचे कान का नाही?’ ती मागणी मला आजही पटते. पण ती करणारी मी कोण?

अमेरिकेत शॉमबर्गजवळच्या एका हॉस्पिटलात मी ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात हत्यारं द्यायचे. नोकरी बाबांच्या मित्राने, सुधीरकाकांनी लावलेली. काका हाडांचे सर्जन. ड्रिल हाडात असेतो आवाज घट्ट असतो. पलीकडे निघताना तो चढतो, पोकळ होतो — तिथे हात थांबलाच पाहिजे. काकांना तो बदल ऐकू येईनासा झाला होता. मला कळलं होतं. त्यांनाही! मग आम्ही काय केलं? वर कळवलं? छे. आवाज बदलला की मी त्यांच्या कोपराला बोट टेकवायचे, ते थांबायचे. त्यावर कधी एक शब्द नाही. भेकडपणाच, दोघांचा — पण मला सांगायचंय ते याहून वाईट आहे.

एकदा माझं बोट जरा लवकर टेकलं. काका सगळ्यांदेखत इंग्रजीत म्हणाले, “घ्या, आता ही मला ऑपरेशन शिकवणार!” भूल देणारा डॉक्टर खो खो हसला. मग फक्त मला कळावं म्हणून मराठीत, “हात आवर गं. सांगू का बाबांना?”

पुढची पेशंट स्कूल बस चालवणारी बाई. मनगट मोडलेलं. ड्रिल सुरू झालं, आवाज चढला — मी ऐकला, अगदी स्पष्ट. आणि बोट? ट्रेवरच ठेवलं. का? एकदा कळू दे यांना — म्हणून. एक श्वासभर, बस. तेवढ्यात तिचा अंगठा वर उचलणारी कंडरा तुटली.

चौकशीत मी सांगितलं, आवाजात काही वेगळं जाणवलं नाही. काकांनी आपले कान कबूल केले, ऑपरेशनं सोडली. मी नोकरी सोडून सर्जनांचे कान तपासा म्हणणाऱ्या चळवळीत आले — आणि पहिल्याच पत्रकात छापलं, ‘त्या खोलीत कुणालाच ऐकू आलं नाही.’ लाज? तेव्हा नाही वाटली.

त्या बाईची बस चालवायची नोकरी गेली. ती आमच्या सभांना येते, माझी ओळख करून देते: “ही पोरगी माझ्यासाठी भांडतेय.” टाळ्या पडतात. मी माइक घेते. बोलते.

हाच मजकूर इंग्रजीत लिहून आज तिला आणि चौकशी समितीला पाठवलाय. तिचा अंगठा मी घालवला.