नाही, की बंद?

झाडवाले सर कुणालाच अरे-तुरे करत नसत. कालच कॉलेजातून आलेल्या पोरालाही ‘अहो, आपण’. पण त्या ‘आपण’ला धार असायची. खराडीच्या आमच्या ऑफिसात नवी असताना एकदा एक यंत्र चालेना, तर मी म्हटलं, “सर, बहुतेक केबल सैल असेल.” सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “आपण ज्योतिष कधीपासून बघता? बोर्डाला विचारा की.”

आमचं काम यंत्रांच्या पोटातल्या छोट्या संगणकांचं. अशा संगणकाच्या सर्किट-बोर्डावर काय काय जोडलंय, याची नोंद झाडासारखी मांडलेली असते: मूळ, फांद्या, फांदीवर एकेक उपकरण. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. बाकीचे माउसने खिडक्या उघडत बसायचे. सर काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड टाकून त्या झाडाला प्रश्न विचारायचे. म्हणून ते झाडवाले.

प्रश्न लहान हवा, ही त्यांची शिस्त. मी एकदा सगळं झाडच मागवलं, तर पडदाभर ओळी धावत सुटल्या. “लग्नाच्या मांडवात उभं राहून ‘काय चाललंय’ असं ओरडलात,” सर म्हणाले. “एकेक फांदी धरा. कुठली फांदी? तिच्यावर कोण? त्याचा पत्ता काय?”

एका बोर्डावरचा तापमानाचा सेन्सर काही केल्या बोलेना. मी सांगून टाकलं, “सर, तो बसवलेलाच नाही.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, ठाम बोलायची मला सवय आहे आणि तिची लाज नाही. सरांनी एक ओळ टाकली. सेन्सर होता. झाडात त्याच्यापुढे फक्त ‘बंद’ असं लिहिलेलं होतं. “नाही आणि बंद यांत फरक असतो, बाई,” ते म्हणाले. “नाही म्हणण्याआधी विचारत चला.”

माझे वडील मांजरी गावात दुसऱ्यांच्या उसात राबलेले. एकदा मला न्यायला ऑफिसात आले. “आमची पोरगी हितं करती काय?” त्यांनी विचारलं. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. “यंत्राला प्रश्न विचारतात त्या. यंत्र खरं उत्तर देतं.”

“मंग बरं हाय,” वडील म्हणाले. “घरात आमाला कोन देत न्हाय.”

सरांना खळखळून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. धायरीच्या त्यांच्या घरी गेले, तर कॉटभोवती नातेवाईक. “काय होतंय? काय हवंय? ओळखलंत का?” सगळे एकदम. सरांची नजर भिरभिरत होती. त्यांचे धाकटे भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, “आता काही कळत नाही त्याला.”

ते ‘नाही’ मला खटकलं.

मी सरांचा चालता हात हातात घेतला. “सर, हो असेल तर बोट दाबा. काही सांगायचंय?” बोट दाबलं. “तुमच्या दुखण्याचं?” काही नाही. “घरातलं?” दाबलं. “काकूंचं?” दाबलं. सरांची बायको, काकू, दाराशी पेजेची वाटी घेऊन उभ्या होत्या. “त्यांच्या झोपेचं?” काही नाही. “जेवणाचं?”

बोट इतकं घट्ट दाबलं, की सुटेचना.

काकूंनी पेजेची वाटी खाली ठेवली. सरांना भरवून, आल्या-गेल्याचं करून, त्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार घास गिळत. कॉटवरून ते दिसत होतं. आणखी कुणी बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून त्या सरांच्या समोर ताट घेऊन बसू लागल्या.

दिवाळीआधी सर गेले.

ऑफिसात नवी मुलं ‘नाही’ म्हणाली, की मी लगेच म्हणते, “नाही, की बंद? विचारलंत का?” त्यांना वाटतं, ही माझीच खोड.

मधे एकदा दुपारी काकूंकडे गेले. कॉट अजून तिथेच होती, गादी गुंडाळलेली. काकू तिच्यासमोर ताट घेऊन बसल्या होत्या. “मला जेवताना बघायची यांना सवय झाली होती,” म्हणाल्या.

माझ्या ओठावर तोच ‘नाही, की बंद?’ आला होता. विचारलं नाही. आत जाऊन ताट वाढून घेतलं आणि काकूंच्या शेजारी, कॉटकडे तोंड करून, जेवायला बसले.