काकाजी आणि चिमण्यांचं दाणापाणी

जगात संशय घेण्याजोगं जे जे काही आहे, त्यावर आमच्या घरमालकांनी आधीच संशय घेऊन ठेवला आहे. आपल्यासाठी फारसं काही उरलेलं नाही. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणते. माझी बदली अकोल्याला झाली आणि मी त्यांच्या वरच्या खोल्या बघायला गेले, तेव्हा भाड्याचं राहिलं बाजूला, त्यांचा पहिला प्रश्न होता, "अमरावती सोडून अकोल्यात कोनी येते काय? खरं सांगा म्याडम, तिकडं काय केलं?" गॅसचं सिलिंडर आलं की ते आधी सिलिंडर हलवून बघतात आणि मग आणणाऱ्याला आपादमस्तक न्याहाळतात. एसटीच्या पाटीवर तर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. एकदा अचलपूरला निघाले होते. गाडी नक्की अचलपूरलाच जाते ना, हे ड्रायव्हरला विचारलं, कंडक्टरला विचारलं, तरी समाधान होईना म्हणून खाली उतरून चहावाल्याला विचारायला गेले. तेवढ्यात गाडी सुटली. घरी येऊन मोठ्या विजयाने म्हणाले, "मले वाटलंच होतं, त्या गाडीत काईतरी गडबड हाय!"

असा हा माणूस, आणि गल्लीतलं एकुलतं एक झाड त्याच्याच अंगणात, तेही आंब्याचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी मुलगी स्वरा आणि गल्लीतली मुलं चिमण्यांसाठी दाणापाण्याची सोय करायला अंगणात जमली, तेव्हा काकाजी खुर्ची घेऊन बरोबर समोर येऊन बसले. मी तेलाच्या रिकाम्या कॅनला खिडक्या कापून देत होते, मुलं करवंट्यांना कडेला भोकं पाडून सुतळी ओवत होती. "कॅनीचा वास गेला काय? मुंग्या येतीन." "हे खिडकी येवढी मोठी काहून? कबुतरं समदं फस्त करतीन!" मग हळूच माझ्याकडे झुकून, "म्याडम, चिमन्यांचं नुसतं निमित्त हाय. पोट्टे कैऱ्यांवर टपून हायत." शेवटी झाड द्यायला तयार झाले, पण बांधणार ते स्वतः. गाठी ओढओढून पाहिल्या, करवंट्यांत पाणी ओतलं, कॅनमध्ये दाणे घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच चिमण्या आल्या आणि काकाजी पोरांपेक्षाही गप्प होऊन बघत राहिले.

आठवडाभराने दाणे संपले. त्या मुलांतल्या, समोरच्या घरातल्या समृद्धीच्या वडिलांची बाळापूरकडे शेती आहे. तिने घरातल्या पिशवीतून ओंजळभर ज्वारी आणून पाणी सुकलेल्या एका करवंटीत घातली. ज्वारी मस्त गुलाबी होती. मुलं हरखली, मीही म्हटलं, किती छान रंग! काकाजींनी एक दाणा तळहातावर घेतला, बोटाने चोळला आणि ते ओरडले, "हात नोका लावू कोनी! हे बियानं हाय, अवशद लावलेलं!" कीड लागू नये म्हणून विषारी गुलाबी औषध चोळलेलं, पेरणीतून उरलेलं बियाणं होतं ते. त्यांचा संशय माझ्यासमोर पहिल्यांदाच खरा ठरला होता. पण तोवर दोन चिमण्या त्या करवंटीवर बसून उडूनही गेल्या होत्या. त्यांनी दाणे टिपले की नाही, कुणीच नीट पाहिलं नव्हतं.

मी मुलांचे हात साबणाने धुतले. समृद्धी हमसून हमसून रडायला लागली. काकाजी तिला काहीतरी बोलतील म्हणून मी पुढे झाले, तर ते म्हणाले, "रडू नोको पोरी, तुयी काई चूक नाई. दिसतेच तसं ते." मग त्यांनी ती सगळी ज्वारी खोल पुरून टाकली आणि अकोल्याच्या त्या रणरणत्या दुपारी डोक्याला पंचा गुंडाळून, त्या दोन चिमण्या कुठे मरून पडल्यात का ते शोधत झाडाखाली फिरत राहिले. कुंपणाशी वाकून बघ, कुंड्यांमागे बघ, नालीत बघ. जेवायलाही आत गेले नाहीत. आपला संशय खरा ठरावा म्हणून उभा जन्म झटलेला हा माणूस त्या दिवशी तो खोटा ठरावा म्हणून देवाला हात जोडत होता. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनमध्ये नवी बाजरी होती आणि तिच्यावर दोन चिमण्या बसल्या होत्या. काकाजी जिन्याखाली माझी वाट बघत उभे होते. "म्याडम, कालच्याच हायत ना ह्या?"

चिमणीसारखी चिमणी; मी काय ओळखणार? "त्याच आहेत, काकाजी," मी म्हटलं, आणि आता ते उलटतपासणी घेणार म्हणून तयारीत राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि पंच्याने डोळे पुसत आत गेले. त्यांनी चक्क विश्वास ठेवला. मी मात्र अजूनही झाडाखालून जाताना जरा खाली बघत जाते.