पायात बसलेलं इंग्रजी

शिंदखेडा तालुक्यातल्या त्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला असेल. नववीच्या वर्गात मी गाऊन क्रियापदं शिकवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला सगळा वर्ग उठून उभा राहिला. मला वाटलं, गाण्याचा परिणाम. मग नीट पाहिलं तर पोरांनी माना खाली घातल्या होत्या, काहींनी हात जोडले होते आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी ओढणीनं डोळे पुसत होती.

चाल अंत्ययात्रेची होती. त्या गावात कुणी गेलं की भजनी मंडळ टाळ घेऊन पुढे चालतं आणि स्मशानापर्यंत एकच चाल लावून धरतं. नेमकी त्या आठवड्यात गावातली तीन म्हातारी माणसं गेली होती. आमच्या भाड्याच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला, त्यामुळे मला ऐकू यायचं, दिसायचं काही नाही. मी मूळचा जळगाव शहरातला. एकादशी-बिकादशी असेल असं समजून मी ती चाल उचलली. सोपी होती, पावलात बसत होती. तिच्यावर मी बसवलं काय, तर गो, वेन्ट, गॉन.

मुख्याध्यापकांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायचो. त्यांनी बोलावून घेतलं, बसायला सांगितलं, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "आपला इंग्रजीचा निकाल पाहिला तर चाल बरोबरच शे. पण पालक ऐकतात हो, सर. दुसरी बघा."

माझ्या डोक्यात हे गाण्याचं खूळ जळगावच्या प्रशिक्षणात शिरलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. दहा दिवस आम्हा चाळीस इंग्रजीच्या मास्तरांना एका बाईंनी गोल उभं करून टाळ्या वाजवायला, उड्या मारायला आणि गिरक्या घ्यायला लावल्या होत्या. बाकीचे भत्ता घेऊन घरी गेले आणि विसरले. मी विसरलो नाही, कारण मला दुसरं काही जमत नव्हतं. बारा वर्षं फळ्यावर तीन रकाने आखून क्रियापदं लिहीत होतो. मुलं ती वहीत उतरवत होती आणि वहीतच ठेवत होती. दरवर्षी तेच. जून आला की मला आपण रहाटाला जुंपलेल्या बैलासारखं त्याच विहिरीभोवती फिरतोय असं वाटायचं. नाचण्याचा उत्साह वगैरे काही नव्हता. आणखी एक वर्ष तसंच शिकवायचा कंटाळा होता, एवढंच.

चाल बायकोनं दिली. ती सावद्याची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेल्या मुली झोके घेताना जी गाणी म्हणतात, ती तिला पन्नासेक तरी पाठ होती. शब्द तिचे राहू दिले, चाल मी घेतली. पावलंही तिनंच बसवली. आज घडतं ते म्हणताना जागच्या जागी पाय आपटायचा. काल घडलेलं म्हणताना एक पाऊल मागे. उद्याचं असेल तर एक पाऊल पुढे. घडत असलेलं असेल तर गिरकी, आणि घडून संपलेलं असेल तर टाळी वाजवून थांबायचं. संध्याकाळी स्वयंपाकघरात ती मला शिकवायची, सकाळी मी वर्गाला. मध्ये रात्रभर माझ्या पोटऱ्या दुखायच्या.

खरं सांगतो, चाललं ते. ज्या पोरांना मराठीतले काळ कधी वेगळे काढता आले नव्हते, त्यांना पाऊल मागे टाकताना इंग्रजी आपोआप बदलायला लागलं. वर्ग मी मैदानावर नेला; तिथे बाक नव्हते, जागा होती. शाळेजवळून जाणाऱ्या बैलगाड्या थांबायच्या. गाडीवानांपैकी दोघातिघांना 'केम' म्हणजे मागे आणि 'कम' म्हणजे जागेवर हे माझ्या आधीच्या दहावीच्या तुकडीपेक्षा बरं कळत होतं. खेळाचे सर एकदा सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले की लग्नसराईत त्यांच्या भाच्याच्या बँडपुढे नाचायला एक माणूस कमी पडतो, तर इंग्रजीच्या सरांनी विचार करावा. मी हसलो. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो, पोट सुटलेलं, चष्मा उडी मारताना हातात धरावा लागायचा. त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं.

अशात ती आली. आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी. दहावीचे बाकी सगळे विषय सुटले होते, इंग्रजी राहिलं होतं. मार्चला राहिलं, ऑक्टोबरला राहिलं, पुन्हा मार्चला राहिलं. गावातल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की दहावीचं प्रमाणपत्र आण, धुळ्याला नर्सिंगला मी स्वतः घेऊन जाते. मुलगी हुशार होती. गावातल्या बाळंतिणींची वजनं-तारखा नर्सबाईंच्या वहीपेक्षा तिला जास्त पाठ. अडलं होतं ते या एका विषयापाशी.

तिच्याबरोबर वडील आले होते. गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. पायाला सिमेंट तसंच होतं, म्हणून ते घरात आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, ह्या डाव फॉर्म भरी दिधा. आते पुढे नही. राहिनी तर पोरनं लगन करी टाकसू." त्यात राग नव्हता. हिशेब संपल्यावर माणूस बोलतो तसं बोलले आणि कामावर गेले.

म्हणजे ऑक्टोबरचा पेपर हा शेवटचा. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि दाराआड उभ्या असलेल्या माझ्या बायकोलाही.

सुरुवातीला ती हलेचना. तिच्या घरी वरातीतही कुणी नाचत नाही, असं तिनं मला हळूच सांगितलं. मी दोन दिवस एकटाच मागच्या पडवीत पाऊल मागे, पाऊल पुढे करत होतो आणि ती भिंतीला टेकून वही छातीशी धरून माझ्याकडे दयेनं पाहत होती. तिसऱ्या दिवशी बायकोनं पिठाचे हात पुसले, तिचे दोन्ही हात धरले आणि फुगडी घातली. त्यानंतर माझी गरज फारशी राहिली नाही. मी पायरीवर बसून यादी वाचायचो, त्या दोघी फिरायच्या. पोळा झाला तेव्हा तिला पंचवीस क्रियापदं येत होती. नवरात्र बसेपर्यंत शंभर. मी वाक्य म्हणायचो, तिचा पाय आधी हलायचा आणि उत्तर मागून यायचं. बारा वर्षांत असं माझ्या एकाही विद्यार्थ्याचं झालं नव्हतं. मी जरा फुगलो होतो, हे कबूल करायला हवं. जळगावच्या त्या बाईंना एक पत्रही लिहून ठेवलं होतं. निकाल लागला की टाकायचं म्हणून.

परीक्षेचं केंद्र तालुक्याला होतं. इंग्रजीच्या दिवशी इंग्रजीच्या मास्तरांना पर्यवेक्षणाचं काम देत नाहीत, म्हणून मी कंपाउंडबाहेर लिंबाखाली बसलो. पेपर सुरू होऊन तासभर झाला असेल. शिपाई फाटकाशी बिडी ओढायला आला आणि पानवाल्याला मोठ्यानं सांगायला लागला की आत एक पोरगी पायानं कॉपी करी राहिनी.

मी शिपायाला जवळ बोलावून विचारलं. झालं होतं असं, की ती प्रश्न वाचायची, बाकाखाली चप्पल आपटायची, पाय मागे घ्यायची, पुढे घ्यायची आणि मग लिहायची. त्या काळी खाणाखुणांच्या कॉप्या जोरात होत्या. एकदा खोकलं की पहिला पर्याय, दोनदा खोकलं की दुसरा. पर्यवेक्षकांना वाटलं, ही मागच्या बाकांना उत्तरं पुरवतेय. त्यांनी तिला उचलून स्वतःच्या टेबलासमोर बसवलं आणि बजावलं की पाय हलला तर पेपर गेला. तेव्हापासून ती पेन धरून नुसती बसली होती.

आता इथे मला शहाणपणा सांगता आला असता. मी लगेच आत धावलो, असं लिहिता आलं असतं. मी धावलो नाही. लिंबाखाली बसून राहिलो. मनाशी म्हणत होतो की बाहेरचा मास्तर आत गेला तर तिच्यावरचा संशय वाढेल. त्यात तथ्य होतं, पण माझी खरी भीती वेगळी होती. आत गेलो तर समजावून सांगावं लागेल, आणि हे प्रकरण नुसतं सांगून कुणाला समजणारं नव्हतं. करून दाखवावं लागणार होतं. घड्याळात चाळीस मिनिटं गेली. पानवाल्यानं मला न मागता पाणी दिलं. मग उठलो.

केंद्रसंचालक बशीत चहा ओतून फुंकत होते. खोलीत एक कारकून होता, आणि बंदोबस्ताचा हवालदार खुर्चीत डुलक्या घेत होता. मी सांगितलं की ती मुलगी कॉपी करत नाहीये, तिला इंग्रजी पायानं येतं. संचालकांनी बशी खाली ठेवली आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं हवालदाराकडे पाहिलं. हवालदार जागा झाला होता.

"दाखवा," संचालक म्हणाले.

मी दाखवलं. चष्मा हातात धरून त्या खोलीत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये, मी आखाजीच्या चालीवर एक पाऊल मागे गेलो, एक पुढे आलो आणि गिरकी घेतली. गिरकी घेताना टेबलाचा कोपरा कमरेत बसला. हवालदार भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. संचालक मात्र हसले नाहीत. ते थकलेले गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी एवढंच विचारलं की याच्याआधी ही किती वेळा बसली होती. तीनदा, मी म्हणालो. ते स्वतः उठले, वर्गात गेले आणि पर्यवेक्षकांना सांगितलं की तिला चपला बाहेर काढून बसू द्या. पाय हलला तर हलू दे, आवाज नको.

तेव्हा पेपर संपायला तासभर उरला होता. बाहेर आल्यावर तिनं मला सांगितलं की पाय मोकळे झाले, पण ऐकेनात. सगळे बघत होते, सर. मग जे आठवलं ते लिहिलं.

एकतीस मार्क पडले. पस्तीस लागतात. चार मार्क म्हणजे किती, तर चार वाक्यं. लिंबाखालच्या चाळीस मिनिटांत ती सहज झाली असती, हा हिशेब मला कुणी सांगायची गरज नव्हती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांकडे गेलो. एका नव्या घराच्या पायाचं काम चालू होतं, ते वाळू चाळत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. पायाचं, पर्यवेक्षकांचं, आणि मी बाहेर बसून राहिलो तेही. म्हणालो, मुलीचं नाही, माझं चुकलं. त्यांनी चाळणी थांबवली नाही. चाळता चाळताच विचारलं, "गुरुजी, पेपर उभं राहीसन लिखतस का?"

टोमणा नव्हता. ते कधी कुठल्या परीक्षेला बसले नव्हते, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हणालो, नाही, बाकावर बसून लिहितात.

"मंग बठीसनच शिकाडनं व्हतं ना."

 बारा वर्षांचा अनुभव, दहा दिवसांचं प्रशिक्षण, दोन महिन्यांची फुगडी, आणि ही एवढी गोष्ट मला सुचली नव्हती. तिला मी बसवून एकही वाक्य कधी लिहायला लावलं नव्हतं. ती पडवीत फिरताना इतकी छान दिसत होती की तिला खाली बसवावं, असं मनातच आलं नाही.

मी निघालो तेव्हा त्यांनी हाक मारली. खालच्या आवाजात म्हणाले, "त्या सायेबसमोर तुम्ही नाचनात, पोरनी सांगं माले." वाळूचं घमेलं उचललं. "मार्चना फॉर्म भरसू मी. एक डाव अजून."

मी हात जोडले. घरी आलो, पायरीवर बसलो. मार्च म्हणजे पुन्हा तीच यादी, तेच काळ, आणि आता वरून हेही शोधून काढायचं की पायातलं इंग्रजी हातात कसं आणायचं. बायको तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं, वडिलांचा प्रश्नसुद्धा. म्हणालो, ही गाणी उभं राहून म्हणायचीच आहेत, झोक्यावरची, फुगडीची; ती बसून कशी म्हणणार? हे सगळं सोडून देतो आणि फळ्यावर तीन रकाने आखतो परत.

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"सावद्याला आम्ही दिवसदिवसभर पापड लाटायचो," ती म्हणाली, "तेव्हा हीच गाणी म्हणायचो. बसूनच. पाय पोटाशी, चालायचे ते हात. तुम्ही कधी विचारलंच नाही."